डेटा पुन्हा न भरता पोस्टग्रेस अपग्रेड : पीजी_अपग्रेड नेमकं काय करतं?

पोस्टग्रेस्क्यूएल १३ चा अधिकृत सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. १४ चा नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतो. म्हणजे त्यानंतर सापडणाऱ्या सिक्युरिटीच्या त्रुटींसाठी या व्हर्जन्सना दुरुस्ती मिळत नाही. तरीही अनेक ठिकाणी जुनं पोस्टग्रेस तसंच चालू असतं, आणि त्याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं : "एवढा मोठा डेटाबेस डंप करून परत भरायचा कधी?"

तर डंप करून परत भरायची गरज बहुतेक वेळा नसतेच. पोस्टग्रेससोबतच येणारं पीजी_अपग्रेड नावाचं टूल डेटा जागच्या जागी ठेवून व्हर्जन बदलतं. ब्रूस मॉम्जियन यांच्या पीजी_मायग्रेटर या प्रोजेक्टमधून ते आलं, २०१० च्या ९.० व्हर्जनपासून पोस्टग्रेससोबत मिळू लागलं आणि ९.५ पासून मुख्य टूल्समध्ये गणलं जातं. मात्र ते आतून काय करतं हे न समजता चालवलं, तर परत जुन्या व्हर्जनवर येण्याचा रस्ता कधी बंद झाला हेच कळत नाही. म्हणून हा लेख थोडा आतल्या बाजूने लिहिलाय.

(कमांड आणि फाइलची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.)

मायनर आणि मेजर

आधी एक गोंधळ दूर करू. पोस्टग्रेस १० पासून पहिला आकडा म्हणजे मेजर व्हर्जन. १६.२ वरून १६.६ वर जाणं हे मायनर अपग्रेड. त्यात डिस्कवरच्या फाइल्सचा फॉरमॅट बदलत नाही. नवीन पॅकेज टाका, सर्व्हर रिस्टार्ट करा, रिलीज नोट्समध्ये काही खास सूचना आहे का ते बघा, झालं. हे वेळेवर न करण्याला खरंच काही कारण नाही.

१३ वरून १८ वर जाणं मात्र मेजर. इथे नवीन सर्व्हरला जुनी डेटा डिरेक्टरी दिली तर तो सुरूच होत नाही. ही डिरेक्टरी दुसऱ्या व्हर्जनने बनवलेली आहे, माझ्याशी जुळत नाही, असा एरर देऊन थांबतो. डॉकर वापरणाऱ्यांना हा एरर चांगलाच ओळखीचा असेल. कम्पोज फाइलमध्ये १५ चं १६ केलं की कंटेनर पुन्हा पुन्हा पडत राहतो. अशा वेळी डेटाला काहीही झालेलं नसतं. टॅग परत १५ करा, सगळं जसंच्या तसं चालू होतं. इंटरनेटवर यावर "व्हॉल्यूम डिलीट करा" असा उपाय सर्रास सांगितलेला दिसतो. तो लॅपटॉपवरच्या टेस्ट डेटासाठी ठीक आहे. ज्या डेटाची दुसरी प्रत नाही, त्याच्यावर हा उपाय म्हणजे डोकेदुखीवर डोकंच उडवणं.

डेटा हलवावा का लागत नाही?

ग्रंथालयाची कल्पना करा. कपाटात पुस्तकं आहेत आणि ग्रंथपालाच्या टेबलावर रजिस्टर आहे : कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात, कोणत्या खणात. पोस्टग्रेसमध्ये तुमच्या टेबलांच्या ओळी म्हणजे पुस्तकं आणि सिस्टम कॅटलॉग म्हणजे रजिस्टर. दर मेजर व्हर्जनला बदलतो तो प्रामुख्याने कॅटलॉग. त्यात नवीन रकाने येतात, जुने जातात. ओळी डिस्कवर लिहिण्याची पद्धत मात्र क्वचितच बदलते. मग फक्त रजिस्टर नवीन पद्धतीने लिहून काढलं आणि पुस्तकं होती तिथेच ठेवली तर? पीजी_अपग्रेड हेच करतं.

नवीन व्हर्जनची एक रिकामी डेटा डिरेक्टरी तुम्ही इनिटडीबीने तयार करून देता. पीजी_अपग्रेड जुन्या सर्व्हरमधून फक्त स्कीमा काढतं, नवीन सर्व्हरमध्ये भरतं, आणि मग जुन्या डेटा फाइल्स नवीन डिरेक्टरीत आणून ठेवतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात एक मेख आहे. साध्या स्कीमा डंपने हे जमणार नाही, कारण ओळींच्या आतमध्येच कॅटलॉगमधले काही आकडे लिहिलेले असतात. मोठी व्हॅल्यू (समजा एखादी पीडीएफ) पोस्टग्रेस टोस्ट नावाच्या वेगळ्या टेबलात ठेवतं आणि मूळ ओळीत फक्त एक पॉइंटर ठेवतं. त्या पॉइंटरमध्ये टोस्ट टेबलाचा ओआयडी, म्हणजे अंतर्गत ओळख क्रमांक असतो. ईनम प्रकारच्या कॉलममध्ये 'पेंडिंग', 'पेड' असे शब्द नसून त्यांचे ओआयडी असतात. नवीन कॅटलॉगमध्ये हे क्रमांक वेगळे पडले तर त्या ओळी वाचताच येणार नाहीत. म्हणून पीजी_अपग्रेड पीजी_डंपला एका खास बायनरी-अपग्रेड मोडमध्ये चालवतं आणि असे क्रमांक होते तसेच ठेवतं.

माझा सगळ्यात आवडता तपशील डिलीट केलेल्या कॉलम्सचा. तुम्ही पाच वर्षांपूर्वी एखादा कॉलम ड्रॉप केला असेल, तरी त्या काळातल्या ओळींमध्ये त्याची बाइट्स अजून पडून असू शकतात. पोस्टग्रेस ती लगेच पुसत नाही, फक्त 'हा कॉलम आता नाही' अशी नोंद करतं. त्यामुळे नवीन टेबल बनवताना पीजी_अपग्रेडला तो मेलेला कॉलमही पुन्हा बनवून पुन्हा ड्रॉप केलेला दाखवावा लागतो. नाहीतर पुढचे सगळे कॉलम एका घराने सरकतील.

शिवाय प्रत्येक ओळीवर ती कोणत्या ट्रान्झॅक्शनने लिहिली याचा नंबर असतो. ते ट्रान्झॅक्शन कमिट झालं की रद्द, याची माहिती पीजी_एक्सॅक्ट या फोल्डरमध्ये असते. तो फोल्डरही नवीन डिरेक्टरीत कॉपी होतो आणि ट्रान्झॅक्शनचा काउंटर जुना जिथे थांबला तिथून पुढे लावला जातो.

फाइल्स आणण्याच्या पद्धती

खरा निर्णय इथे घ्यायचा असतो. एक उदाहरण धरू. एका डायग्नोस्टिक लॅबचा ८०० जीबीचा डेटाबेस आहे, रिपोर्टच्या पीडीएफसुद्धा त्यातच. सकाळी सहाला सॅम्पल यायला सुरुवात होते. तुमच्याकडे रात्री एक ते पाच एवढाच वेळ आहे.

काहीच सांगितलं नाही तर पीजी_अपग्रेड कॉपी मोडमध्ये चालतं. सगळ्या फाइल्सची दुसरी प्रत बनते. जुनी डिरेक्टरी अस्पर्श राहते, म्हणून सगळ्यात सुरक्षित. पण अजून ८०० जीबी मोकळी जागा लागते, आणि सेकंदाला २०० एमबी वेग धरला तरी निव्वळ कॉपीला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. आपल्या चार तासांत हे बसतं. बसत असेल तर कॉपीच करा असं माझं स्पष्ट मत आहे. उगाच वेगाच्या मागे लागू नये.

लिंक मोडमध्ये कॉपी होतच नाही. फाइल सिस्टममध्ये हार्ड लिंक म्हणून एक सोय असते : फाइल एकच, नावं दोन. जुन्या डिरेक्टरीतलं एक नाव आणि नवीन डिरेक्टरीतलं दुसरं. त्यामुळे डेटाबेस ८० जीबी असो वा ८०० जीबी, वेळ जवळपास सारखाच लागतो. वेळ ठरतो तो टेबल, इंडेक्स आणि फाइल्स किती आहेत त्यावर. अट एवढीच की दोन्ही डिरेक्टरी एकाच फाइल सिस्टमवर हव्यात.

आता लिंक मोडची किंमत. लिंक बनवायला सुरुवात करताना पीजी_अपग्रेड जुन्या डिरेक्टरीतल्या पीजी_कंट्रोल या फाइलच्या नावापुढे 'डॉट ओल्ड' लावतं, जेणेकरून कोणी चुकून जुना सर्व्हर सुरू करू नये. नवीन सर्व्हर एकदाही सुरू केलेला नसेल, तर हे 'डॉट ओल्ड' काढून जुना सर्व्हर परत चालू करता येतो. पण नवीन सर्व्हर एकदा सुरू झाला की तो त्याच फाइल्समध्ये लिहायला लागतो. फाइल एकच आहे हे विसरू नका. त्या क्षणापासून जुनी डिरेक्टरी निरुपयोगी. ती सुरू झाली तरी आतला डेटा भरवशाचा नाही. परत यायचं तर फक्त बॅकअपमधून, आणि ८०० जीबीचा बॅकअप परत आणायला किती वेळ लागतो हे त्या रात्रीच्या आधी मोजलेलं असायला हवं. पहाटे साडेचारला तो आकडा पहिल्यांदा कळून उपयोग नाही.

या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे क्लोन मोड, व्हर्जन १२ पासून आलेला. बीटीआरएफएस, रीफ्लिंक चालू असलेली एक्सएफएस, आणि मॅकवर एपीएफएस या फाइल सिस्टम्स फाइलची प्रत क्षणात देतात. डेटाचे ब्लॉक सुरुवातीला सामाईक असतात, पण कोणी लिहायला गेलं की त्या ब्लॉकची वेगळी प्रत होते. म्हणजे वेग जवळपास लिंकएवढा आणि जुनी डिरेक्टरीही शाबूत. ईएक्सटी४ वर मात्र हे चालत नाही. नवीन सर्व्हरची डिस्क फॉरमॅट करायची वेळ आलीच तर हा मुद्दा लक्षात ठेवा. मी तरी एक्सएफएस निवडेन.

१८ मध्ये स्वॅप नावाचा आणखी एक मोड आला. त्यात फाइल्सच्या डिरेक्टऱ्याच अदलाबदल होतात. हजारो टेबलं असतील तर हा सगळ्यात वेगवान, पण त्यात फाइल्स हलवायला सुरुवात झाली की जुना सर्व्हर गेलाच. नवीन सुरू करायचीही वाट बघावी लागत नाही.

लिंक किंवा स्वॅप वापरायचंच असेल तर जुना सर्व्हर नीट बंद करून एलव्हीएम किंवा झेडएफएसचा स्नॅपशॉट घ्या. क्लाउडवर असाल तर डिस्कचा स्नॅपशॉट. परतीचं तिकीट काढल्याशिवाय निघायचं नाही.

आधी तपासणी

पीजी_अपग्रेडला चेक हा ऑप्शन देता येतो. तो काहीही न बदलता फक्त तपासतो, आणि विशेष म्हणजे जुना सर्व्हर चालू असतानाही चालतो. त्यामुळे ही तपासणी रात्रीपर्यंत थांबवायची गरज नाही. भर दुपारी, आठवडाभर आधी करा. टूल नेहमी नवीन व्हर्जनचं वापरायचं. छोटा बी आणि छोटा डी म्हणजे जुन्या व्हर्जनचा बायनरीजचा आणि डेटाचा पाथ, मोठा बी आणि मोठा डी म्हणजे नवीन व्हर्जनचा. मधली व्हर्जन्स घेत जायची गरज नाही. १३ वरून थेट १८ चालतं.

तपासणीत सगळ्यात जास्त अडकतात ती एक्स्टेन्शन्स. जुन्या सर्व्हरवर पोस्टजीआयएस असेल, तर नवीन व्हर्जनसाठी बांधलेलं पोस्टजीआयएसही आधी इन्स्टॉल केलेलं हवं. कोणत्या लायब्ररी सापडल्या नाहीत त्याची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये मिळते. पोस्टजीआयएसच्या बाबतीत दोन्हीकडे एकच पोस्टजीआयएस व्हर्जन ठेवलं तर निम्मी डोकेदुखी वाचते. म्हणजे आधी जुन्या पोस्टग्रेसवरच पोस्टजीआयएस अपग्रेड करायचं आणि मग पोस्टग्रेस.

१८ वर जाताना एक नवीन अडथळा हमखास येतो. इनिटडीबी आता डेटा चेकसम बाय डिफॉल्ट चालू ठेवतं. तुमचा जुना सर्व्हर चेकसमशिवाय बनवलेला असेल तर दोन्हीकडचं सेटिंग जुळत नाही म्हणून पीजी_अपग्रेड नकार देतं. मग एकतर नवीन डिरेक्टरी 'नो-डेटा-चेकसम्स' देऊन बनवा, किंवा जुन्या सर्व्हरवर आधी पीजी_चेकसम्सने ते चालू करा. दुसरा मार्ग चांगला, पण त्यासाठी सर्व्हर बंद ठेवून प्रत्येक ब्लॉक पुन्हा लिहावा लागतो. लॅबच्या उदाहरणात ही वेगळ्या रात्रीची गोष्ट.

फार जुन्या डेटाबेसमध्ये आणखी काही सापडतं. 'विथ ओआयडीज' वापरून बनवलेली टेबलं १२ पासून चालत नाहीत. पायथन २ मधले डेटाबेस फंक्शन १५ पासून गेले. प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन अर्धवट पडून असतील तर ती आधी निकाली काढावी लागतात. चेक हे सगळं सांगतो.

जे चेक सांगत नाही

हा भाग नीट वाचा, कारण यात एरर येत नाही. चुकीची उत्तरं येतात.

टेक्स्ट कॉलमवरचा इंडेक्स हा अक्षरांच्या क्रमाने लावलेला असतो, आणि तो क्रम बहुतेक वेळा पोस्टग्रेस ठरवत नाही. ऑपरेटिंग सिस्टमची जीलिबसी लायब्ररी ठरवते. २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने हे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. डेबियन १० आणि रेड हॅट ८ मध्ये हेच व्हर्जन आहे. साधं उदाहरण : इंग्रजी अंकांतलं १-१ आणि ११. आधीच्या नियमात ११ पहिलं यायचं, नवीन नियमात १-१ पहिलं येतं.

आता पीजी_अपग्रेड इंडेक्सच्या फाइल्सही जशाच्या तशा आणतं. तुम्ही त्याच रात्री जुन्या ऑपरेटिंग सिस्टमवरून नवीन मशीनवर डिस्क हलवली, तर जुन्या क्रमाने लावलेला इंडेक्स नवीन क्रमाच्या नियमाने शोधला जातो. शब्दकोशात कोणीतरी पानं बदलून ठेवावीत तसं. ओळ टेबलात असते, पण शोधल्यावर मिळत नाही. पेशंटचा कोड टाकला, "रेकॉर्ड नाही" आलं, काउंटरवरच्या माणसाने नवीन रेकॉर्ड बनवलं, आणि युनिक इंडेक्सनेही ते अडवलं नाही, कारण त्यालाही जुनी ओळ दिसली नाही. एका पेशंटचे दोन इतिहास तयार होतात आणि आठवडाभर कोणाला पत्ता लागत नाही.

डंप आणि रिस्टोरमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथे इंडेक्स नव्याने बनतात. म्हणून ऑपरेटिंग सिस्टम आणि डेटाबेस एकाच रात्री बदलू नका. बदलावंच लागलं तर टेक्स्टवरचे इंडेक्स रीइंडेक्स करण्याचा वेळ आधीच धरा. शंका असेल तर १४ पासून येणारं पीजी_एएमचेक चालवून बी-ट्री इंडेक्स तपासता येतात. डॉकरवाल्यांसाठी : अल्पाइन इमेजवरून डेबियनच्या इमेजवर जाणं हाही क्रमाच्या दृष्टीने ऑपरेटिंग सिस्टम बदलच आहे. अल्पाइनमध्ये जीलिबसी नसून मसल ही वेगळी लायब्ररी असते.

प्रत्यक्ष रात्र

खरं तर आधीची तयारी नीट असेल तर ही रात्र कंटाळवाणी जाते. ॲप्लिकेशन थांबवा, जुना सर्व्हर नीट बंद करा, स्नॅपशॉट घ्या, पीजी_अपग्रेड चालवा. चेकची तीच कमांड, फक्त चेक काढून. डेटाबेस बरेच असतील तर जॉब्स हा ऑप्शन देऊन काम समांतर करता येतं. डेबियन किंवा उबुंटूवर पीजी_अपग्रेडक्लस्टर हे त्यांचं स्वतःचं टूल आहे. ते पोर्ट आणि कॉन्फिग फाइल्सही सांभाळतं, पण त्याला मेथड 'अपग्रेड' अशी स्पष्ट सांगा. नाहीतर ते डंप-रिस्टोरच्या मार्गाने जाऊ शकतं, आणि तेच तर आपल्याला टाळायचंय.

कॉन्फिग फाइल्स पीजी_अपग्रेड स्वतः आणत नाही. जुनी फाइल उचलून नवीनवर टाकू नका, तुम्ही केलेले बदल तेवढे शोधून हलवा. पासवर्डचे जुने एमडी५ हॅश तसेच येतात, त्यामुळे जुने युझर्स लॉगिन होतात. पण १४ पासून नवीन पासवर्ड डिफॉल्टने स्क्रॅम पद्धतीने साठवले जातात, आणि जुनाट ड्रायव्हरला ते कळत नाही. अपग्रेडनंतर महिन्याभराने कोणीतरी पासवर्ड बदलतो आणि एखादं जुनं रिपोर्टिंग टूल बंद पडतं, ते यामुळे.

रेप्लिका सर्व्हर असतील तर ते वेगळे पीजी_अपग्रेड होत नाहीत. त्यांना पीजी_बेसबॅकअपने नव्याने बनवणं हा सोपा मार्ग. आरसिंकने हार्ड लिंक जपत नेण्याची पद्धतही डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, पण त्यात एक पायरी चुकली तर रेप्लिका गुपचूप बिघडते. पहिल्यांदा करत असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

सुरू झाल्यावर पहिला तास

१७ किंवा त्याआधीच्या व्हर्जनवर गेलात तर प्लॅनरची आकडेवारी सोबत येत नाही. कोणत्या टेबलात किती ओळी, कोणत्या कॉलममध्ये किती वेगवेगळ्या व्हॅल्यू, यातलं काहीच नवीन सर्व्हरला माहीत नसतं. मग तो चांगला इंडेक्स सोडून अख्खं टेबल वाचत बसतो, सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो आणि सगळे म्हणतात "नवीन व्हर्जन स्लो आहे". व्हॅक्यूमडीबी ही कमांड 'ॲनालाइझ-इन-स्टेजेस' देऊन सगळ्या डेटाबेसवर चालवा. ती आधी अगदी ढोबळ आकडेवारी पटकन गोळा करते, मग थोडी बरी, मग पूर्ण. ती संपण्याआधी ॲप्लिकेशन उघडायचं असेल तर निदान पहिला टप्पा होऊ द्या. १८ मध्ये पीजी_अपग्रेड बहुतेक आकडेवारी सोबत आणतं. माझ्या मते, १७ ऐवजी थेट १८ वर जाण्याचं हे एकच कारणही पुरेसं आहे.

मग लगेच नवीन बेस बॅकअप. जुने बॅकअप आणि जुन्या डब्ल्यूएएल फाइल्स नवीन सर्व्हरवर लागू होत नाहीत, म्हणजे हा बॅकअप पूर्ण होईपर्यंत तुम्ही उघड्यावर आहात. पीजीबॅकरेस्ट वापरत असाल तर त्यात स्टॅन्झा-अपग्रेड ही वेगळी कमांड द्यावी लागते. जुन्या व्हर्जनच्या बायनरीजही लगेच अनइन्स्टॉल करू नका. जुना फिजिकल बॅकअप उघडायची वेळ आली तर त्याच लागतील.

चार तासच काय, चार मिनिटंही बंद ठेवणं परवडत नसेल तर लॉजिकल रेप्लिकेशन हा वेगळा मार्ग आहे. त्यात सीक्वेन्सचे आकडे (१८ पर्यंत तरी) आणि टेबल रचनेतले बदल आपोआप जात नाहीत. त्यावर स्वतंत्र लेख लागेल.

शेवटी पीजी_अपग्रेड तुम्हाला 'डिलीट_ओल्ड_क्लस्टर' नावाची एक स्क्रिप्ट बनवून देतं. कॉपी किंवा क्लोन मोडमध्ये ती निदान एक महिनाअखेर पार पडेपर्यंत चालवू नका, कारण महिन्यातून एकदाच चालणाऱ्या क्वेरी तोवर तपासून झालेल्या नसतात. लिंक मोडमध्ये ती लवकर चालवली तरी जागा फारशी मोकळी होत नाही. फाइल्सची फक्त जुनी नावं जातात, डेटा नवीन नावाखाली तिथेच असतो.